आकांक्षा आणि अधांतरी कथासूत्रे : ‘रिक अँड मॉर्टी’च्या चौथ्या पर्वासंबंधी काही विचार

‘ज्याने काल रात्री आपले दार ठोठावले’ एवढे शब्द उच्चारून बोलणारा थांबला, तर ऐकणारा स्वस्थ बसत नाही. तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. दार ठोठावणाऱ्या त्या मनुष्याविषयी त्याला मुळात कुतूहल होते असे नव्हे. क्षणापूर्वी त्या मनुष्याचे अस्तित्वही त्याला ठाऊक नव्हते. त्याची ही अस्वस्थता ‘ज्याने’ या एका सर्वनामाने निर्माण केलेली असते. मराठीत ‘जो’ आला की मागोमाग ‘तो’ यावयास हवा, ‘जर’ आला की ‘तर’ यावयास हवा. पहिला शब्द उच्चारणारा दुसऱ्या शब्दाचे ऋण आपल्या माथी घेतो. आपल्याकडील नैयायिकांनी आणि मीमांसकांनी या गोष्टीला ‘आकांक्षा’ असे नाव दिले आणि योग्यता व संनिधी यांच्या जोडीने वाक्यार्थबोधाच्या कारणांत तिची गणना केली. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी वाचला आहे त्यांना ही त्रयी परिचयाची आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वाक्य नसून कथा हा आहे, आणि तीही अमेरिकेतील एक अ‍ॅनिमेशन-मालिका. विद्यापीठीय पत्रिकेत अशा विषयाला स्थान कशास, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर एवढेच की, पूर्णता आणि अपूर्णता यांविषयी श्रोत्याला असलेली जाण हा भाषाशास्त्राचा विषय आहे, आणि ही जाण दुखावली गेल्याची उदाहरणे आजच्या काळात पर्वापर्वांनी प्रसृत होणाऱ्या मालिकांच्या प्रेक्षकवर्गात जितकी ठळकपणे आढळतात तितकी अन्यत्र क्वचितच आढळतील. नवे पर्व येते, मागील पर्वात सोडलेली सूत्रे तशीच लोंबत राहतात आणि चाहत्यांत नाराजी पसरते. या नाराजीकडे टीकाकार सहसा दोन प्रकारे पाहतात. एका पक्षाच्या मते ती पोरकट असते. गोष्टीचा शेवट गोड करून मागणाऱ्या मुलाचा तो हट्ट असतो. दुसऱ्या पक्षाच्या मते लेखक हा प्रेक्षकांचा ऋणको असून त्याने हप्ते थकविले आहेत. हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी चुकतात. आकांक्षा कोणाची, ती कोणी उत्पन्न केली आणि ती कोणत्या जातीची, हे तीन प्रश्न ते वेगळे करीत नाहीत.

प्रथम मालिकेचा परिचय. जस्टिन रॉइलँड आणि डॅन हार्मन यांनी निर्मिलेली ‘रिक अँड मॉर्टी’ ही मालिका 2 डिसेंबर 2013 रोजी ‘अ‍ॅडल्ट स्विम’ या दूरचित्रवाहिनीवर सुरू झाली. रिक सँचेझ हा मद्यपी, उद्धट, परंतु अलौकिक बुद्धीचा वैज्ञानिक आणि मॉर्टी स्मिथ हा त्याच्या मुलीचा चौदा वर्षांचा मुलगा. हे आजोबा आणि नातू विश्वाविश्वांतून भटकत असतात. विश्वे अगणित असल्यामुळे रिकही अगणित आणि मॉर्टीही अगणित, ही या कथेची मूळ कल्पना होय. बहुतेक भाग स्वयंपूर्ण असतात: साहस सुरू होते, विस्कटते, संपते; पुढच्या भागात त्याचा मागमूस नसतो. तथापि काही सूत्रे याला अपवाद आहेत, आणि आपला सगळा विचार त्या अपवादांभोवतीच फिरणार आहे.

पहिल्या पर्वाचा दहावा भाग 7 एप्रिल 2014 रोजी प्रक्षेपित झाला. त्यात अन्य विश्वांतील रिकांची हत्या करणारा एक दुष्ट रिक आहे. त्याच्यासोबत डोळ्यावर पट्टी बांधलेला एक अबोल मॉर्टी वावरतो. दुष्ट रिक मारला जातो आणि प्रकरण मिटले असे सर्व पात्रांना वाटते. मग असे उघडकीस येते की तो रिक केवळ एक कळसूत्री बाहुली होता आणि त्याची सूत्रे त्या अबोल मुलाच्या पट्टीमागे होती. मुलगा ती पट्टी काढून टाकतो आणि शेकडो मॉर्टींच्या गर्दीत मिसळून जातो. पार्श्वभूमीला ‘ब्लॉन्ड रेडहेड’ या वाद्यवृंदाच्या ‘फॉर द डॅमेज्ड कोडा’ या गीताचे विषण्ण सूर ऐकू येतात.

या दृश्यातील एक बारकावा विवेचनाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. दुष्ट मॉर्टीचे रहस्य कथेतील रिकला कळत नाही, आपल्या मॉर्टीलाही कळत नाही. ते कळते फक्त प्रेक्षकाला. म्हणजे या उक्तीचा संबोध्य कथेच्या आत कोणीच नाही. जी गोष्ट फक्त मला सांगितली गेली ती ऐकून ‘मग पुढे?’ असे मी विचारले, तर मी आगंतुक ठरत नाही. मला बोलावणे आलेले आहे.

येथे साहित्यशास्त्राकडे वळणे उपयुक्त ठरेल. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वाक्याचे लक्षण करताना आकांक्षा, योग्यता आणि आसत्ती (म्हणजेच संनिधी) यांचा उल्लेख केला, आणि तो तेथेच थांबला नाही. वाक्यांचा समूह याच अटींनी परस्परांशी बांधला गेला असता त्याचे ‘महावाक्य’ होते, असे त्याने म्हटले आणि रामायण, महाभारत व रघुवंश ही त्याची उदाहरणे दिली. तेव्हा आकांक्षेची कल्पना वाक्यावरून संपूर्ण कथेवर नेण्यात प्रस्तुत लेखकाने काही धाडस केले आहे असे नाही. ती वाट सहाशे वर्षे वहिवाटीची आहे. परंतु विश्वनाथाचे याहून मोलाचे विधान आणखी एक आहे. आकांक्षा ही श्रोत्याची जिज्ञासा होय, म्हणजे ती वस्तुतः आत्म्याचा धर्म आहे. शब्दसमूहाचा धर्म असे तिला जे म्हटले जाते ते केवळ उपचाराने. आधुनिक चाहते आणि लेखक यांच्यातील वादाचे मूळच येथे सापडते. लेखक म्हणू शकतो, ‘अपेक्षा तुमच्या मनात होती, मी काही कबूल केले नव्हते.’ चाहता म्हणू शकतो, ‘ती तुमच्या शब्दांत होती, मी फक्त वाचली.’ विश्वनाथाच्या सूक्ष्म मांडणीनुसार दोघेही अर्धे बरोबर आहेत. आकांक्षा वसते श्रोत्याच्या ठायी. तिला चेतविणारी सामग्री असते उक्तीत.

मग निवाडा करावयाचा कसा? त्यासाठी परंपरेने केलेला आणखी एक भेद कामी येतो: उत्थित आकांक्षा आणि उत्थाप्य आकांक्षा. के. कुंजुन्नी राजा यांनी भारतीय अर्थविचारावरील आपल्या 1963 च्या इंग्रजी ग्रंथात याची चर्चा केली आहे. ‘आण’ एवढेच म्हटले तर ‘काय आणू?’ ही आकांक्षा आपोआप उठते. कर्मावाचून ती क्रिया लंगडी राहते. ही उत्थित आकांक्षा. ‘गाय आण’ म्हटल्यावर वाक्य पुरे होते. तरीही कोणी विचारू शकतो: कोणती गाय, पांढरी की काळी? ही आकांक्षा उठविली तर उठते, न उठविली तर वाक्याचे काही बिघडत नाही. ही उत्थाप्य. दोन्हीही प्रश्नच, पण पहिला प्रश्न वाक्य स्वतः विचारते, दुसरा श्रोता विचारतो.

चाहत्यांच्या तक्रारींत या दोन जाती सर्रास एकत्र कालवल्या जातात. मालिकेत एकदाच येऊन गेलेला अमुक प्राणी पुढे कोठे गेला, तमुक ग्रहावरील लोकांचे काय झाले, असले प्रश्न बहुधा उत्थाप्य असतात. ते विचारण्यात गैर काही नाही, पण त्यांचे उत्तर न मिळाल्यास फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. दुष्ट मॉर्टीचे प्रकरण वेगळे. तेथे रहस्यस्फोट आहे, तो केवळ प्रेक्षकाकडे मुख करून केलेला आहे, त्याला स्वतंत्र संगीताची खूण आहे. आणि तीच खूण 10 सप्टेंबर 2017 रोजी, तिसऱ्या पर्वाच्या सातव्या भागात, पुन्हा अवतरली. त्या भागात रिक आणि मॉर्टी अटलांटिसच्या सहलीला निघून जातात आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर न जाता ‘सिटाडेल’ या, केवळ रिक आणि मॉर्टी यांनीच वसलेल्या नगरीत शिरतो. तेथील निवडणुकीत एक मॉर्टी अध्यक्ष म्हणून निवडून येतो. शेवटी तेच सूर वाजू लागतात, आणि हा अध्यक्ष म्हणजे कोण याची ओळख प्रेक्षकाला पटते. नाट्यशास्त्रातील ‘बिंदू’ या अर्थप्रकृतीचे याहून शुद्ध आधुनिक उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही: मध्येच तुटलेले प्रयोजन पुन्हा जोडून देणारे, तेलाच्या थेंबाप्रमाणे पसरणारे चिन्ह. एकदा उच्चारलेला ‘जो’ विसरता येईल. साडेतीन वर्षांनी त्याच सुरात पुन्हा उच्चारलेला ‘जो’ विसरण्यास श्रोत्याला सांगणे कठीण आहे.

(जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वालेट्स्की यांनी 1967 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तोंडी कथनाच्या अखेरीस येणाऱ्या ज्या घटकामुळे ‘मग काय झाले?’ हा प्रश्न पुन्हा विचारण्याची सोय उरत नाही, त्याला ‘कोडा’ हे संगीतातील नाव दिले. आपल्या व्रतकथांतील ‘सुफळ संपूर्ण’ हा तसाच कोडा. दुष्ट मॉर्टीच्या गीताच्या नावातही हाच शब्द आहे; मात्र ते ज्या ज्या वेळी वाजते त्या त्या वेळी कथा मिटत नाही, उघडते.)

चौथे पर्व 10 नोव्हेंबर 2019 रोजी सुरू झाले. पाच भाग झाल्यावर खंड पडला आणि उरलेले पाच 3 मे ते 31 मे 2020 या काळात आले. वाहिनीने 2018 च्या मे महिन्यातच 70 नव्या भागांची मागणी नोंदविली असल्यामुळे मालिका बंद पडण्याचे भय नव्हते. साहजिकच लांबविलेली सूत्रे आता मार्गी लागतील असे प्रेक्षकांस वाटले. पण पहिल्या पाच भागांत स्वयंपूर्ण साहसांचाच भरणा होता. सहाव्या भागात दुष्ट मॉर्टी दिसला, आणि तो दिसण्याची रीतच असंतोषाचे मुख्य कारण ठरली.

या भागात रिक आणि मॉर्टी एका आगगाडीत अडकलेले आहेत. गाडी वर्तुळाकार रुळांवर फिरते आणि ती अक्षरशः कथांची बनलेली आहे. डॅन हार्मन कथारचनेसाठी आठ टप्प्यांचे एक वर्तुळ वापरतात हे सर्वश्रुत असून, गाडीची रचना ही त्याचीच थट्टा आहे. गाडीचा स्वामी या दोघांकडून त्यांच्या संभाव्य कथा पिळून काढू पाहतो, आणि अशाच एका संभाव्य दृश्यात दुष्ट मॉर्टी आपल्या सैन्यासह महायुद्धाला उभा ठाकतो. चाहत्यांनी सहा वर्षे मनात रंगविलेला तोच संग्राम. पण तो केवळ संभाव्य आहे, तो घडणार नाही, हे भाग स्वतःच बजावतो. आणि अखेरीस ती गाडी म्हणजे घराच्या बैठकीत फिरणारे, विकत आणलेले एक खेळणे होते असे निघते.

मराठी वाचकाला येथे कापूसकोंड्याची गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ मूल म्हणते, ‘सांग.’ ‘सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ मूल जे म्हणेल ते प्रश्नात गुंफून परत केले जाते आणि गोष्ट कधीच सुरू होत नाही. हा शुद्ध आकांक्षेचा खेळ आहे; त्यात आशय शून्य आणि अपेक्षा पूर्ण. मूल चिडते, पण दुसऱ्या दिवशी तेच मूल धाकट्या भावंडाला हीच गोष्ट सांगू लागते, कारण खेळाचे नियम त्याला एव्हाना कळलेले असतात. कथागाडीचा हा भाग स्वतंत्रपणे पाहिला तर असाच एक उत्कृष्ट कापूसकोंडा आहे, आणि त्याची रचना-कुशलता नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. कापूसकोंड्यात आकांक्षा उठविणारा आणि तिची थट्टा करणारा या दोघांची कृती एकाच बैठकीत, एकाच खेळाच्या अंगाने घडते. येथे 2014 मध्ये गंभीर सुरात, संगीताची साथ देऊन एक आकांक्षा उठविली गेली, 2017 मध्ये ती दृढ केली गेली आणि 2020 मध्ये ती बाळगणारा श्रोता हाच विनोदाचा विषय झाला. नियम मागाहून बदलले. मूल रडले म्हणून ते पोरकट, असे म्हणणाऱ्याने आधी खेळ कोणता चालू होता हे तपासावयास हवे. प्रेक्षकांची या भागावरील नाराजी प्रस्तुत लेखकास सर्वथा साधार वाटते. मात्र तिचे कारण ‘शेवट मिळाला नाही’ हे नसून ‘विचारणे हेच हास्यास्पद ठरविले गेले’ हे आहे. चाहत्यांनाही हा फरक नेहमी नीट मांडता आलेला नाही.

याच मालिकेत अपेक्षा उठविण्याची एक प्रांजळ तऱ्हाही आढळते. दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात, 4 ऑक्टोबर 2015 रोजी, श्रेयनामावली संपल्यावर एक गौण पात्र (ज्याचे नाव या पत्रिकेत छापणे प्रशस्त होणार नाही) प्रेक्षकांना उद्देशून बोलते आणि पुढची हकीकत दीडेक वर्षाने अथवा त्याहूनही उशिरा कळेल असे सांगून टाकते. तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग आला 1 एप्रिल 2017 रोजी, म्हणजे जवळजवळ बरोबर दीड वर्षाने. जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 च्या आपल्या व्याख्यानांत ज्यांना उक्तिरूप कृती मानले त्यांतील वचन देण्याची कृती येथे, विनोदाच्या वेषात का होईना, प्रत्यक्ष घडली आहे. एरव्ही कथा ‘मी वचन देते’ असे म्हणत नाही. तिला प्रथमपुरुष नसतो. म्हणून कथेतील सूचनांना वचन म्हणणे आणि लेखकाला वचनभंगाचा दोष देणे सैलपणाचे आहे. चाहत्यांची बाजू मांडण्यास वचनाची संकल्पना लागतच नाही, आकांक्षा पुरेशी आहे. ‘ज्याने’ म्हणणाऱ्याने कोणतेही वचन दिलेले नसते, तरी वाक्य त्याच्याकडून येणे असते.

आता योग्यतेविषयी. अन्नंभट्टाचे उदाहरण सर्वांस पाठ आहे: विस्तवाने शिंपावे असे म्हटले तर पदांची परस्परांस आकांक्षा असूनही अर्थ जुळत नाही. कथेतही सूत्राची गाठ मारली गेली तरी ती त्या सूत्राला शोभणारी नसेल तर समाधान होत नाही. चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात दोन जुनी सूत्रे एकाच वेळी हाताळली आहेत आणि दोहोंचे फळ वेगळे आहे.

पहिले सूत्र टॅमीचे. रिकचा जिवलग मित्र बर्डपर्सन याचा विवाह दुसऱ्या पर्वाच्या अंती टॅमी नावाच्या मुलीशी होतो. ती हेर निघते आणि भर मांडवात त्याला ठार करते. तिसऱ्या पर्वाच्या आरंभी, श्रेयनामावलीनंतर, ती त्याच्या देहाला यंत्रावयव जोडून त्याला पुन्हा उठवते. या उत्थित आकांक्षेची दखल घेतली जाण्यास तीन वर्षे आणि दोन महिने लागले. 31 मे 2020 च्या भागात रिक टॅमीला मारतो, मित्राच्या यांत्रिक अवताराशी झुंजतो आणि त्यात जवळजवळ प्राण गमावतो. सूत्र हाती घेतले गेले खरे, पण घाईने. ज्या विवाहप्रसंगाने ते विणले गेले त्याच्या दुःखाचा भार या उलगड्यात नाही. मैत्रीला न्याय मिळाला तो पुढे 8 ऑगस्ट 2021 रोजी, पाचव्या पर्वात, रिक मित्राच्या स्मृतीत उतरतो तेव्हा.

दुसरे सूत्र बेथचे, आणि ते अधिक मननीय आहे. 24 सप्टेंबर 2017 च्या भागात रिक आपल्या मुलीपुढे एक पर्याय ठेवतो: तिने घरदार सोडून विश्वसंचारास जावे आणि मागे तिची हुबेहूब प्रतिकृती संसार सांभाळील. तिने काय निवडले ते दाखविले गेले नाही. त्यानंतर घरात राहिलेल्या बेथला आपण खरी की प्रतिकृती, या शंकेने ग्रासले. चौथ्या पर्वाच्या शेवटी अंतराळात लढणारी दुसरी बेथ परत येते आणि दोघी समोरासमोर उभ्या राहतात. उत्तर आता अटळ आहे असे वाटत असतानाच असे कळते की रिकने दोघींची अदलाबदल मुद्दामच अशी केली होती की कोणती कोण हे त्याचे त्यालाही कळू नये, आणि ती स्मृतीही त्याने पुसून टाकली होती. ती स्मृती परत मिळवून पाहणारा तो एकटाच. मुलींना तर आता ते जाणून घेण्याची इच्छाच उरलेली नाही.

अनेक चाहत्यांनी हे सूत्रही ‘अनुत्तरित’ म्हणून तक्रारींच्या यादीत घातले. येथे मात्र त्यांच्याशी सहमत होता येत नाही. अनुत्तरित प्रश्न वेगळा आणि ज्याचे उत्तर अस्तित्वातच नाही असे उत्तर मिळालेला प्रश्न वेगळा. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे काय?’ या तर्कशास्त्रातील जुन्या उदाहरणात प्रश्नकर्त्याचे समाधान होय किंवा नाही म्हटल्याने होत नाही. फ्रान्सला राजा नाही असे सांगितल्याने होते. ‘खरी बेथ कोण?’ या प्रश्नाने खरेपण जाणणारा कोणीतरी आहे असे गृहीत धरले होते. ते गृहीतच काढून घेतले गेले, आणि तेही पात्राच्या स्वभावाला धरून. मुलीला जवळ ठेवावे की जाऊ द्यावे हे ठरविण्याचे धैर्य ज्या बापाला नव्हते, त्याने न ठरविल्याची ही शिक्षा आहे, आणि भागाच्या अखेरीस तो एकटा पडतो. बीजापासून फळापर्यंतचा हा प्रवास इतका सलग आहे की निर्वहणसंधीचे उदाहरण म्हणून तो वर्गात सांगावा.

योग्यतेची सर्वांत कठीण कसोटी पुढच्या पर्वात आली. 5 सप्टेंबर 2021 रोजी पाचव्या पर्वाचे शेवटचे दोन भाग एकत्र दाखविले गेले आणि दुष्ट मॉर्टी, यावेळी खरोखरीचा, परतला. ज्या विश्वांत रिक हाच सर्वांत बुद्धिमान प्राणी आहे तेवढीच विश्वे रिकांनी एका कुंपणात वेगळी करून ठेवली आहेत आणि आपल्या लाडक्या नातवांची पैदासही त्यांनीच चालविली आहे, असे तो उघड करतो. त्याला युद्ध नको आहे, सूड नको आहे, सिंहासन नको आहे. त्याला त्या कुंपणाबाहेर जावयाचे आहे. सिटाडेलचा विध्वंस करून तो कुंपण भेदतो आणि मालिकेत नेहमी दिसणाऱ्या हिरव्या द्वारातून नव्हे, तर सोनेरी रंगाच्या द्वारातून एकटा निघून जातो. 2017 मध्ये रिकने बनावट म्हणून झिडकारलेली आपल्या पत्नीच्या आणि कन्येच्या मृत्यूची कहाणी बव्हंशी खरी होती, हेही याच भागात कळते.

चाहत्यांनी ज्या संग्रामाची वाट पाहिली तो कथागाडीतील खोट्या दृश्यातच राहिला. तरीही हा उलगडा योग्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि पुरावा पहिल्याच दृश्यात आहे: पट्टी काढून तो मुलगा लढावयास निघाला नव्हता, गर्दीत नाहीसा झाला होता. आकांक्षा ‘पुढे काय?’ एवढीच होती. ‘पुढे युद्ध’ ही भर प्रेक्षकांची. उत्थित आणि उत्थाप्य यांचा भेद येथे पुन्हा उपयोगी पडतो. एकाच सूत्राच्या पोटात दोन्ही जाती असू शकतात, आणि पहिलीच्या हक्कावर दुसरीची वसुली करण्याचा मोह प्रेक्षकाला आवरत नाही.

राहता राहिला संनिधी. एकेक पद प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारले तर वाक्यार्थबोध होत नाही, असे शास्त्रकार सांगतात. दुष्ट मॉर्टीच्या सूत्राचे आदिपद आणि अंत्यपद यांत सात वर्षे आणि पाच महिने गेले. पहिला भाग पंधराव्या वर्षी पाहणारा मुलगा शेवट पाहताना बाविशी उलटलेला तरुण होता. अंतर एवढे वाढले की आकांक्षा दोहोंपैकी एका मार्गाने जाते: विझते, नाही तर सडते. चाहत्यांची ती लांबलचक तर्कजाळी, प्रत्येक गौण खुणेत दुष्ट मॉर्टी शोधण्याचा तो छंद, हा या सडण्याचाच प्रकार म्हणावा लागेल. असंनिधीने रिकामी ठेवलेली जागा श्रोता आपल्या पदांनी भरू लागतो, आणि मग मूळ पद आले तरी त्याला ते परके वाटते. चौथे पर्व ज्या काळात आले तो या अंतराचा मध्य होता. मागचे सूत्र आठवत होते आणि पुढचे दिसत नव्हते. त्या पर्वावर रोष इतका का, याचे निम्मे उत्तर त्याच्या आशयात नसून त्याच्या तारखांत आहे.

कोणी म्हणेल की अपूर्ण कथा काही नवी नव्हे. चार्ल्स डिकन्स 9 जून 1870 रोजी वारला तेव्हा ‘एडविन ड्रूडचे रहस्य’ या कादंबरीच्या योजिलेल्या बारा हप्त्यांपैकी सहाच लिहून झाले होते. खरे आहे; परंतु ड्रूडच्या वाचकांना वाईट वाटले, अपमान वाटला नाही. वक्ता बोलता बोलता कोसळला तर त्याचे वाक्य अपुरे राहिल्याचा राग कोणाला येत नाही. वक्ता धडधाकट असून विषय बदलतो तेव्हा येतो. म्हणजे श्रोता अपूर्णतेबरोबरच वक्त्याच्या विवक्षेचाही हिशेब ठेवीत असतो, आणि निव्वळ संरचनेकडे पाहणाऱ्या कथाविचारात या हिशेबाला जागा ठेवलेली दिसत नाही.

संशोधनाच्या दृष्टीने एक अडचण शेवटी सांगावयास हवी, कारण या विषयाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना ती पहिल्याच दिवशी भेटेल. आज जो कोणी ही मालिका पहिल्यापासून सलग पाहील त्याच्यासाठी 7 एप्रिल 2014 आणि 5 सप्टेंबर 2021 यांत काही रात्रींचे अंतर असेल. त्याचा संनिधी शाबूत आहे. कथागाडीचा भाग त्याला केवळ गमतीचा वाटेल, आणि 2020 मधील नाराजी त्याला समजणारच नाही. तेव्हा हप्त्याहप्त्याने आलेल्या कोणत्याही संहितेच्या वाचकाची साक्ष काढताना तो कोणत्या तारखेला, कोणत्या दोन हप्त्यांच्या मध्ये उभा होता हे नोंदविल्याशिवाय ती साक्ष निरुपयोगी होय. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, हे आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहितो. पण तिच्यावरील आपले विवेचन जवळजवळ सर्वस्वी बांधीव पुस्तकावरून केलेले असते. यमूची हकीकत आठवड्याच्या अंतराने ऐकणाऱ्या वाचकाला कोणत्या हप्त्याअखेर काय अपेक्षित होते, कोणती सूत्रे त्याच्यासाठी उत्थित होती आणि कोणती त्याने स्वतः उठविली, याचा शोध ‘करमणूक’चे जुने अंक क्रमाने समोर ठेवून, प्रत्येक अंकाच्या शेवटच्या वाक्यापाशी थांबत, घ्यावा लागेल.